संस्कृती-सप्ताह घ्यायचा की वर्षभराचं सूत्र?

चित्रकलेच्या तासातून भेदभावावर काही करायचं ठरलं की आराखड्यात दोन वाटा दिसतात. पहिली संस्कृती-सप्ताहाची: दर महिन्याला एका संस्कृतीचा आठवडा, मुखवटे, नक्षी, शेवटी भिंतीवर मांडणी. दुसरीत 'चेहरा', 'कापड', 'घर' असं एकेक सूत्र घ्यायचं आणि जगभरची कामं त्यात ओवायची. मी तीन वर्षं पहिली चालवली, मग दुसरीकडे वळलो.

सप्ताहाची सोय मोठी आहे. नियोजन झटपट होतं, पालकांना भिंतीवर काहीतरी दिसतं. बहुसांस्कृतिक शिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक जेम्स बँक्स यांनी अभ्यासक्रमात विविध संस्कृती आणण्याच्या चार पातळ्या सांगितल्या आहेत; त्यांत सण-वस्तू-थोर माणसं यांची ओळख ही सर्वांत खालची पायरी, हे वाचूनही मी तेच करत होतो.

वळलो ते माना पाहून. ज्या संस्कृतीचा आठवडा, त्या घरातलं वर्गात बहुधा एकच मूल असे. तास सुरू झाला की सगळ्या माना त्याच्याकडे वळत. एकदा तर मीच विचारलं, "तूच सांग, तुमच्याकडे हे कसं करतात?" तो म्हणाला, "माहीत नाही सर, मीपण पहिल्यांदाच बघतोय." मग आठवडाभर तो वर बघेना. पुढच्या वर्षी दुसरं मूल, पुन्हा तेच. मुखवटे बदलून पाहिले, माना काही थांबल्या नाहीत.

'चेहरा' घेतला तेव्हा प्रत्येकाला स्वतःच्या कातडीचा रंग मिसळायला लावला. बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लाल, पांढरा. कुणाचाच रंग ट्यूबमधून थेट निघाला नाही, त्यामुळे वेगळं कुणी उरलंच नाही. मग क्रेयोला या अमेरिकन रंगखडू कंपनीच्या खडूची गोष्ट सांगितली: फिकट गुलाबीसर खडूचं नाव 'फ्लेश', म्हणजे कातडीचा रंग, असं होतं, ते 1962 मध्ये 'पीच' झालं. "कुणाचं फ्लेश?" हा प्रश्न मुलांनीच काढला.

'कापड'मध्ये अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या डच चित्रकार मोंद्रियानच्या चौकटी-पट्ट्यांच्या अमूर्त चित्रांशेजारी ठेवतो. आधी नुसती रचनेवर भांडणं होतात. त्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या म्हटलं, की "इतक्या उशिरा का?" असं कुणीतरी विचारतंच.

याने मुलांच्या मनातला भेद किती कमी झाला, ते मोजलेलं नाही. तयारी मात्र दुप्पट लागते, आणि स्नेहसंमेलनात दाखवायला फारसं काही हाती नसतं. आठवड्याला एकच तास असेल तर सप्ताह घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. तरी मला विचाराल तर एकदा 'चेहरा' करून पाहा, चार रंगांत भागतं.