पावडरचा पंप की स्पेसरचा पंप : निवडण्याआधी श्वास पाहा

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) किंवा दमा असल्याचे कळले, की परभणी-हिंगोलीकडची बहुतेक कुटुंबे श्वासावाटे औषध ओढायचा कोणता पंप (इनहेलर) स्वस्त पडेल हे आधी विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न रुग्णाच्या श्वासाचा असावा. पावडरच्या पंपात औषध बाहेर ढकलणारा वायू नसतो. कॅप्सूलमधली पावडर उडवून फुप्फुसापर्यंत नेण्याचे काम रुग्णाच्या ओढीलाच करावे लागते, त्यामुळे श्वास सुरुवातीपासूनच जोरात आणि खोल ओढावा लागतो. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, लावलेल्या फवाऱ्याच्या पंपात मात्र तो सावकाश घ्यायचा असतो. एकाच रुग्णाला दोन्ही पंप दिले, तर ही गल्लत होण्याची शक्यता वाढते.

चुलीपुढे आयुष्य गेलेल्या एका मावशींना मी पंप घेऊन दाखवायला सांगितले. त्यांनी कॅप्सूल बरोबर बसवली, रोटाहेलरचा, म्हणजे कॅप्सूल घालायच्या पावडरच्या पंपाचा, तळ फिरवला, तो तोंडाला लावला आणि फुंकणीत फुंकावे तशी जोरात फुंकर मारली. पावडर उलटी बाहेर येऊन पदरावर पडली. ‘समजलं का?’ या प्रश्नाला आदल्या खेपेस त्यांनी ‘हो’ म्हटले होते, आणि त्या खोटेही बोलत नव्हत्या. म्हणून शिकवताना आधी आपण करून दाखवावे, मग रुग्णाला करायला लावावे आणि चुकलेली पायरी तेवढी पुन्हा करून घ्यावी. उच्छ्वास पंपापासून तोंड बाजूला करून सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून ओढायचे, जमेल तितका, शक्यतो 10 सेकंद श्वास रोखायचा, आणि कॅप्सूलमध्ये पावडर उरली असल्यास पुन्हा ओढायचे. कॅप्सूल पाण्यासोबत गिळणारेही भेटतात, तेव्हा ती पोटात घ्यायची नाही हेही बजावावे लागते.

पावडरचा पंप खिशात मावतो, शेतावर नेता येतो, आणि रिकामी कॅप्सूल पाहून औषध गेले की नाही हे कळते. त्याचे वैर ओलाव्याशी आहे. पावसाळ्यात कॅप्सूल ऐनवेळीच डबीतून काढावी, तीही कोरड्या हाताने. स्पेसर अवजड आहे, आणि तो न्यायला लाजणारी तरुण मंडळी त्याला घरीच ठेवतात, हे मान्य. पण फार अशक्त वृद्धाला, लहान मुलाला किंवा धाप वाढलेल्या रुग्णाला जोराची ओढ जमत नसेल, तर मी बिनदिक्कत स्पेसरच्या बाजूने कौल देईन.

स्टेरॉइड असलेल्या कोणत्याही पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकावे. शिकलेली पद्धत हळूहळू बिघडत जाते, म्हणून प्रत्येक तपासणीला रोजचाच पंप पिशवीतून न्यावा आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवावा.