हॉल-किचनमधली भिंत: पूर्ण पाडायची की नुसतं ओपनिंग?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आरसीसी फ्रेमच्या, म्हणजे काँक्रीटच्या बीम-कॉलमवर उभ्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये साडेचार इंची विटांची पार्टिशन भिंत बहुधा स्वतःचंच वजन पेलते. ती काढली की हॉल ऐसपैस. पण फोडणीचा ठसकाही थेट सोफ्यावर! ओपनिंगला वर लिंटेल, म्हणजे वरच्या विटा पेलणारी आडवी पट्टी लागते, तरी राडारोडा कमी, वायरिंगही बरंचसं वाचतं. मला तरी हेच पटतं.

सिडकोतल्या एखाद्या जुन्या लोड बेअरिंग, म्हणजे भिंतींवरच छत पेललेल्या घरात मात्र दोन्ही बेत धोक्याचे. मायवान बांधकामात (ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या) तर भिंतच काँक्रीटची आणि भार पेलणारी, तिथे खिडकीएवढं भोकही नको.

भिंतीवर ठोकून ‘चालतंय’ म्हणणाऱ्या मिस्त्रीवर विसंबू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला मूळ नकाशे दाखवा. भिंत पाडा की ओपनिंग करा, सोसायटीची लेखी परवानगी घ्याच. बीम-कॉलमला हात लागणार असेल तर महापालिकेचीही.