जुन्या पिकअपची समोरची धडक: विम्यातून दुरुस्ती, ओळखीचे गॅरेज की थेट विक्री?

पिकअपचे तोंड फुटले की मालकाला दिसतात ते चेपलेले बोनेट, फुटलेले दिवे आणि पंख्यावर येऊन टेकलेला रेडिएटर, आणि दुरुस्तीचा निर्णयही बहुतेक वेळा एवढेच पाहून घेतला जातो. आमच्या घरच्या २०१२ सालच्या बोलेरो पिकअपच्या बाबतीत आम्हीही तेच केले. निफाडहून टोमॅटोचे क्रेट घेऊन पहाटे निघालेली गाडी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या, मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर डाव्या बाजूने आदळली. चालक सुखरूप होता, हे सर्वांत महत्त्वाचे. एका गॅरेजने बारा दिवसांत गाडी नव्यासारखी रंगवून दिली. पण स्टिअरिंग सतत थोडे उजवीकडे धरल्याशिवाय ती सरळ चालेना आणि चार हजार किलोमीटरच्या आत पुढच्या टायरच्या कडा खरवडल्यासारख्या घासून गेल्या. पत्रा सरळ झाला होता, चेसी तशीच वाकडी राहिली होती. त्यामुळे दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी दुरुस्त करावी की काढून टाकावी, या विचारात जे असतील त्यांच्यासाठी उपलब्ध मार्गांची तुलना येथे करीत आहे.

आधी चेसी मोजा, मग अंदाजपत्रक मागा

बहुतेक आधुनिक मोटारींचा सांगाडा आणि बॉडी एकच असते. पिकअपचे तसे नसते. तिच्या तळाशी दोन लांब बीम आणि त्यांना जोडणारे क्रॉस मेंबर अशी शिडीसारखी चेसी असते आणि केबिन त्यावर रबरी माउंटिंगच्या आधाराने बसवलेली असते. म्हणूनच बोनेट, मडगार्ड, समोरचा शो, बंपर हे सर्व उतरवून बदलता येते आणि या गोष्टी कितीही चेपल्या तरी गाडी संपत नाही. मात्र चेसीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे जेथे बंपरचे ब्रॅकेट आणि पुढच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर बसतात तेथे, जोर पोचला असेल तर वरचा पत्रा कितीही चांगला बसवला तरी उपयोग नाही. अनेक पिकअपना पुढे जाड लोखंडी गार्ड लावलेला असतो. तो थेट चेसीला बोल्टने जोडलेला असल्यामुळे धडकेचा सगळा जोर पत्र्यात न जिरता सरळ बीममध्ये उतरतो. रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरमध्ये असे गार्ड बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले होते. पादचाऱ्याच्या सुरक्षिततेइतकेच चेसीच्या दृष्टीनेही ते काढून टाकणे शहाणपणाचे आहे.

मोजमाप कसे होते, हे मी दुसऱ्या गॅरेजात जवळून पाहिले. वयस्कर मिस्त्रींनी गाडी सपाट फरशीवर घेतली, चेसीवरील ठरावीक भोकांतून ओळंबा सोडला आणि ओळंब्याचे टोक जेथे स्थिरावले तेथे खडूने फुली मारली. डावीकडे चार, उजवीकडे चार अशा आठ फुल्या झाल्यावर गाडी ढकलून बाजूला केली आणि फरशीवर तिरकस टेप लावला: पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजव्या फुलीपर्यंत, मग उलट. हे दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. पाचेक मिलिमीटरचा फरक मिस्त्री चालवून घेतात. आमच्या गाडीत तो चौदा होता. नंतर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले, तेव्हा डावे पुढचे चाक मागे सरकलेले निघाले. गाडी डावीकडे का ओढते याचे उत्तर त्या टेपवर होते. पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल पाट्यांवरच घसरला आहे का. तसे असेल तर चेसी शाबूत असूनही चाक मागे दिसते आणि दुरुस्ती कितीतरी स्वस्त पडते. स्टिअरिंग बॉक्स जेथे चेसीला बोल्टने बसतो तेथे बारीक तडा गेला असण्याची शक्यता असते. तो भाग स्वच्छ पुसून रॉकेल लावतात, कोरडा करून वर खडूची पूड चोळतात. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटवते.

या सगळ्याला अर्धा दिवस लागतो. तोवर इंजिन सुरू करू नये, कारण रेडिएटरमधील पाणी गेलेले असताना दहा मिनिटे चालवलेल्या इंजिनचे हेड वाकले, तर दुरुस्तीचा खर्च भलतीकडेच जातो.

विम्यातून की खिशातून?

गाडीचा विमा केवळ थर्ड पार्टी असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा त्यात समावेश नसतो. सर्वसमावेशक विमा असला तरी जुन्या मालवाहू गाडीच्या मालकाने दोन गोष्टी आधी पॉलिसीत पाहाव्यात.

पहिली म्हणजे घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दल भरपाईतून होणारी कपात. गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर धातूच्या भागांवर ४० टक्के आणि दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर ५० टक्के रक्कम कापली जाते. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर वय कितीही असो ५० टक्के कपात होते, काचेवर मात्र काहीच होत नाही. रंगकामाच्या एकूण खर्चापैकी २५ टक्के हा साहित्याचा खर्च धरून त्यावर ५० टक्के घसारा लावतात. ही कपात टाळणारे झिरो डेप संरक्षण एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही.

दुसरी गोष्ट फार कमी मालकांना ठाऊक असते आणि समोरच्या धडकेत तीच सर्वाधिक महाग पडते. मालवाहू गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बोनेटचे बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांची भरपाई गाडी पूर्णतः निकामी झाल्याशिवाय मिळत नाही. ती हवी असेल तर आयएमटी-२३ हे कलम जादा प्रीमियम भरून घ्यावे लागते. म्हणजे समोरून आदळल्यावर जे जे प्रथम फुटते, नेमके तेच वगळलेले असते.

उदाहरणादाखल दहा वर्षांवरील गाडीचे एक लाख वीस हजारांचे अंदाजपत्रक घेऊ: धातूचे भाग साठ हजार, प्लॅस्टिक-रबर वीस हजार, काच आठ हजार, मजुरी वीस हजार, रंगकाम बारा हजार. आयएमटी-२३ असेल तर धातूचे तीस हजार, प्लॅस्टिकचे दहा हजार, काच आणि मजुरी पूर्ण आणि रंगाचे साडेदहा हजार असे एकूण साडेअठ्ठ्याहत्तर हजार हिशेबात येतात. त्यातून सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायची ठरलेली रक्कम) आणि मोडीची किंमत जाते. हे कलम नसेल आणि साठातले पंचवीस हजार मडगार्ड-बंपरचे, वीसातले बारा हजार दिव्यांचे असतील, तर रक्कम साडेएकोणपन्नास हजारांवर उतरते आणि वगळलेल्या भागांची मजुरी कापल्यावर त्याहूनही खाली जाते.

‘क्लेम केला तर बोनस जाईल’ ही भीती मात्र अशा गाडीबाबत बरीचशी अनाठायी आहे. नो क्लेम बोनस जास्तीत जास्त ५० टक्के असतो आणि तो प्रीमियमच्या फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हिश्श्यावर मिळतो. मालवाहू गाडीच्या हप्त्यात मोठा वाटा थर्ड पार्टीचा असतो. २०२२ च्या दरानुसार ७,५०० किलोपर्यंतच्या सार्वजनिक मालवाहू गाडीसाठी तो १६,०४९ रुपये होता आणि बोनसचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. जुन्या गाडीचे विमामूल्य कमी असल्याने उरलेला हिस्सा लहान असतो आणि बोनस गेल्याने होणारे वार्षिक नुकसान सहसा काही हजारांतच राहते. त्यामुळे कपातीनंतर हाती येणारी रक्कम वीस-पंचवीस हजारांच्या वर जात असेल तर क्लेम करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहून कमी असेल तर कागदपत्रांचा आणि गाडी उभी राहण्याचा खर्चच जास्त होतो.

क्लेम करायचा असेल तर गाडीचा एकही बोल्ट खोलण्यापूर्वी कंपनीला कळवून सर्व्हेअरची पाहणी करून घ्यावी. फिटनेस प्रमाणपत्र चालू असल्याची खात्री करावी. आठ वर्षांपुढील व्यावसायिक गाडीला ते दरवर्षी घ्यावे लागते आणि ते संपलेले असताना झालेल्या अपघाताचा क्लेम अडकतो. दुरुस्तीचा अंदाज विमामूल्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त गेला तर गाडी पूर्ण निकामी धरली जाते. ही शक्यता जुन्या गाडीत खरी असते आणि ती नेहमीच तोट्याची नसते, हे पुढे विक्रीच्या संदर्भात लक्षात ठेवावे.

अधिकृत वर्कशॉप की ओळखीचे गॅरेज?

अधिकृत वर्कशॉपची बाजू कॅशलेस सुविधा, अस्सल भाग आणि लेखी बिल यांत आहे. शिवाय इंजिनाला ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) असेल तर वायरिंग आणि सेन्सरचे काम तेथेच नीट होते. तेथील अडचण अशी की वाकलेला भाग सरळ करण्यापेक्षा बदलण्याकडे कल असतो. नव्या गाडीत ते योग्यच आहे. पण जुन्या पिकअपमध्ये निम्म्या घसाऱ्यासह प्रत्येक बदललेल्या भागाची निम्मी किंमत मालकाच्या खिशातून जाते. शिवाय जुन्या मॉडेलचे काही भाग मागवायला आठवडे लागतात, आणि हंगामात उभी राहिलेली पिकअप रोजचे भाडे बुडवते.

ओळखीच्या गॅरेजमध्ये मजुरी कमी असते, मिस्त्री जुने भाग लावायला तयार असतो आणि काम डोळ्यांसमोर होते. परंतु गॅरेज आणि गॅरेज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. डेंटिंगमध्ये हात बसलेला माणूस चेसीच्या कामातही तरबेज असेल असे नाही. आमची पहिली फसगत नेमकी येथेच झाली. म्हणून गॅरेज निवडताना एकच प्रश्न विचारावा: चेसी कशाने मोजणार आणि कशाने ओढणार? ‘नजरेने कळते’ असे उत्तर आले तर तेथे फक्त पत्र्याचे काम द्यावे. माझी पसंती कामाची विभागणी करण्याला आहे: चेसी आणि अलाइनमेंट ज्याच्याकडे बेंच (चेसी धरून ओढण्याची चौकट) आहे त्याच्याकडे, पत्रा आणि रंग ओळखीच्या डेंटरकडे, आणि ईसीयूचे दुखणे असेल तरच अधिकृत वर्कशॉप.

कोणता भाग नवा, कोणता जुना

जुन्या भागांच्या बाजारात, मग तो मुंबईतील कुर्ल्याचा असो वा जिल्ह्याच्या ठिकाणचा, बोनेट, मडगार्ड, शो, दरवाजे, बंपर आणि दिवे निर्धास्त घ्यावेत. कोपरे, कडा आणि बिजागरीखालची जागा मात्र बोटांनी चाचपून पाहावी, कारण गंज वरच्या रंगाखाली तेथेच लपतो आणि चुंबक न चिकटणारी जागा म्हणजे आत पुटीचा थर. जुना रेडिएटर घेण्याच्या विरोधात मी आहे. त्याची जाळी आतून चोंदलेली असते आणि ते बाहेरून कळत नाही. टाय रॉड, ड्रॅग लिंक, स्टिअरिंग बॉक्स, ब्रेकचे पाइप आणि होज, सेंटर बोल्ट व यू बोल्ट हे नवेच घालावेत. वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करून देणारे मिस्त्री आहेत, पण त्या रॉडवर भरलेल्या गाडीचे आणि चालकाचे जीवित अवलंबून असते.

चेसी ओढायची की गाडी काढायची?

बाक पुढच्या टोकापुरता, म्हणजे बंपर ब्रॅकेटपासून पाट्याच्या पुढच्या हँगरपर्यंत मर्यादित असेल आणि धातूला घडी पडलेली नसेल, तर बेंचवर साखळी लावून, हायड्रॉलिकने हळूहळू ओढून चेसी सरळ होते. हे काम थंड अवस्थेतच व्हावे. गॅस कटरने लालबुंद करून ठोकलेला बीम सरळ दिसतो, पण त्याची ताकद गेलेली असते आणि पुढच्या हंगामातील खड्ड्यांत तो तेथेच बसतो. तडा वेल्ड करावा लागलाच तर त्यावर चौकोनी पट्टी उभ्या रेषेत न जोडता दोन्ही टोकांना निमुळती होणारी पट्टी लावावी, म्हणजे सगळा ताण एकाच रेषेवर येत नाही. ईसीयू असलेल्या गाडीत वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर आणि ईसीयूचा कनेक्टर काढायला स्वतः उभे राहून लावावे.

आमचे चौदा मिलिमीटर दोन दिवसांत तीनवर आले. हँगर, दोन्ही यू बोल्ट आणि टाय रॉड नवे पडले, अलाइनमेंट झाले आणि आज गाडी हात सोडला तरी सरळ जाते. पहिल्याच वेळी चेसी मोजली असती तर रंगाचे काम दोनदा करावे लागले नसते.

बाक केबिनखाली पोचला असेल, क्रॉस मेंबरची रिव्हेट सैल झाली असेल किंवा बीममध्ये घडी पडून रंग पापुद्र्यासारखा सुटला असेल, तर दुरुस्तीचा नाद सोडावा. चेसी बदलणे कागदावर शक्य असले तरी चेसी नंबर नोंदणीशी जोडलेला असल्याने आरटीओच्या पूर्वपरवानगीशिवाय ते करता येत नाही आणि जुन्या गाडीच्या किमतीत ते बसत नाही. अशा वेळी तीन वाटा उरतात. सर्वसमावेशक विमा असेल तर पूर्ण निकामीचा दावा सहसा सर्वांत फायद्याचा ठरतो. विमा नसेल तर जशी आहे तशी विक्री. इंजिन आणि गिअर बॉक्स चांगले असतील तर भाग काढणाऱ्याकडून भंगारापेक्षा बराच जास्त भाव मिळतो. तिसरी वाट नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राची. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते आणि केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार व्यावसायिक गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे, त्यामुळे लगेच नवी पिकअप घेणाऱ्याने ही वाट आधी तपासावी.

खासगी विक्री करताना फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतर स्वतः पूर्ण करून घ्यावे आणि भाग काढणाऱ्याला विकत असल्यास आरटीओत नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत मूळ आरसी आणि चेसी नंबरचा तुकडा त्याच्या ताब्यात देऊ नये.