.२२ रायफलसाठी सिंगल-शॉट अडॅप्टर, घ्यावा का?

५० मीटरच्या मॅचला प्रत्येक गोळी हातानेच भरायची असते, त्यामुळे सीझेड ४५७ सारख्या मॅगझिनवाल्या (गोळ्यांची डबी खाली बसणाऱ्या) रायफलवर प्रॅक्टिस करणाऱ्यांना हा छोटासा ठोकळा फारच कामाचा आहे. मॅगझिन काढायचं, त्याच जागी हा बसवायचा, मग खाचेत गोळी ठेवून बोल्ट (मागे-पुढे सरकणारा दांडा) पुढे ढकलला की ती सरळ चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या जागेत, जाते, शिशाच्या टोकाला ओरखडासुद्धा नाही, आणि .२२ ला तेच तर जपायचं असतं ना! प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरताना, फरक लगेच कळतो, डावं कोपर जागचं न हलता लोडिंग होतं. थ्रीडी प्रिंटवाला स्वस्तातला मात्र नको, माझा सैल बसायचा आणि गोळीचं नाक खाली जायचं. मेटलचा घ्या, डोळे झाकून.