उजनीच्या बेटावरचा बंगला: सातबारा एका जागेचा, प्लॉट दुसऱ्याच

उजनी धरणाच्या बॅकवॉटरला बेटावर बंगला बांधून देतो म्हणणारं कुणी भेटलं, तर टोकन देण्याआधी हे वाचा. प्लॉट आणि बांधकाम मिळून आमचे साडेचौदा लाख गेलेत. यातली युक्ती इतकी साधी आहे की ती पुन्हा कुणावरही चालेल.

हे २०२३ च्या डिसेंबरातलं. ते साल सोलापूरकरांना आठवत असेल. पावसानं दगा दिला होता आणि धरण साठ टक्क्यांच्या आसपास अडलं होतं. उजनी प्लसमध्ये की मायनसमध्ये, म्हणजे वापरता येणारा साठा शून्याच्या वर की खाली, हे आपल्याकडे शाळेतली पोरंसुद्धा सांगतात, पण ते टक्के प्रत्यक्ष काठावर कसे दिसतात ते शहरात बसून कळत नाही. धरण पूर्ण भरलं की पाणी ४९६.८३ मीटरच्या पातळीला जातं. साठ टक्क्यांना ते बरंच खाली थांबतं आणि मधला पट्टा उघडा पडतो. तिकडचा भाग सपाट, त्यामुळे पाणी थोडं उतरलं तरी काठ लांबवर मागं सरकतो. आम्हाला विकला तो हाच पट्टा.

टेंभुर्णीहून करमाळा तालुक्यात शिरायचं, काठावर गाडी लावायची आणि होडीत बसायचं. एजंटानं वेळ दुपारी चारची ठरवली होती. ऊन कलतं, पाणी चमकतं, लांबवर फ्लेमिंगो उभे. "मालक, शनिवारी यायचं आणि डेकवर बसून चहा घ्यायचा, बास." बेटावर फक्कीनं प्लॉट आखलेले, कोपऱ्यांना चुना फासलेले दगड. बायकोनं पायाखालची माती उकरली तर त्यात शिंपल्यांचा चुरा. "भाऊ, एवढ्या वर शिंपले कसे आले?" तर म्हणतो, "वहिनी, बगळे आणून टाकतात." शेजारच्या वेड्या बाभळींच्या खोडांवर छातीइतक्या उंचीवर वाळलेल्या गाळाची सरळ रेघ होती. तिच्याबद्दल विचारायच्या आत तो आम्हाला पलीकडच्या बाजूला घेऊन गेला.

कागद मात्र खोटा नव्हता. सातबारा खरा, गट नंबर खरा, मालक जिवंत, भोगवटादार वर्ग १ (म्हणजे मालकाला विकता येणारी जमीन), बोजा नाही. आमच्या वकिलानंही तो ऑनलाइन काढून बघितला. फक्त तो गट बेटावर नव्हताच, तो होता काठावरच्या चढावर. बेट म्हणून दाखवलेली जमीन धरणासाठी पूर्वीच संपादित झालेली, म्हणजे सरकारची. पाणी उतरलं की अशा जमिनी गाळपेरीसाठी एका हंगामापुरत्या भाड्यानं देतात, पण विकायला तिथं कुणाच्या मालकीचं काही नाही.

रजिस्टर खरेदीखत का नाही, असं विचारलं तर उत्तर तयार होतं. "पाच गुंठ्यांची खरेदी होत नाही, तुकडेबंदी आहे. एनए, म्हणजे बिनशेती, झालं की लगेच करून देतो." तुकडेबंदी खरीच आहे. प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस. खऱ्या कायद्याच्या आड लपून त्यानं आमच्या हातात नोटरीचं साठेखत, म्हणजे पुढे विकायचा नुसता करार, ठेवलं. नोटरी म्हणजे सही तुमचीच आहे एवढी साक्ष, तिनं जमिनीची मालकी बदलत नाही. त्यातली चतुःसीमा अजून पाठ आहे: पूर्वेस जलाशय, पश्चिमेस जलाशय.

बांधकामाचा ठेकेदारही त्याचाच माणूस. वाळू, सिमेंट, सळई, प्रत्येक बिलात बोटीच्या फेऱ्यांचे वेगळे पैसे. मग निघालं की काळी माती आहे, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागेल. काळ्या मातीत ते करावंच लागतं, त्यामुळे वाद घालायला जागा नाही, आणि पुन्हा हप्ता. कॉलम उभे राहिले तेव्हा तिथल्या गवंड्यानं एकदा हळूच सांगितलं, "मालक, भरल्या वर्षी इथनं आमची होडी जाती." एजंट म्हणाला, तो दुपारीच घेऊन बसतो.

२०२४ च्या जूनपर्यंत धरण मायनस साठच्या घरात गेलं आणि आमचं बेट टेकाड होऊन बसलं. मग भीमा खोऱ्यात पाऊस लागला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला उजनी शंभर टक्के. होडीवाल्यानं व्हिडिओ पाठवला: पाण्याच्या वर वीतभर आलेल्या आमच्या कॉलमच्या सळया, त्यातल्या एकीवर पाणकावळा. ठेकेदाराला दाखवला तर तो थंडपणे म्हणाला, पाणी उतरलं की पुन्हा सुरू करू.

अशा जागेला नुसता सातबारा बघून भागत नाही. तो जमिनीचा असतो, तुम्ही उभे आहात त्या जमिनीचा असेलच असं नाही. विक्रेत्यालाच भूमी अभिलेखकडून सरकारी मोजणी करून घ्यायला लावा आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घ्या. तो टाळाटाळ करू लागला की तिथंच उठा. खासगी सर्वेअर लावून प्लॉटची लेव्हल काढा आणि ४९६.८३ शी ताडून बघा. धरण त्याच्याही वर भरतं, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका, जलसंपदाच्या कार्यालयात पूररेषाही विचारा. त्यातल्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम चालत नाही. ५०० चौरस मीटरच्या वरच्या ले-आउटमधले प्लॉट विकायचे तर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा) नंबर लागतो. आमच्या एजंटानं ते नावही कधी काढलं नाही.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं, हे दिवाणी आहे. मग वकिलामार्फत आर्थिक गुन्हे शाखेला लेखी अर्ज दिला. पैसे १ जुलै २०२४ ला नवा फौजदारी कायदा लागू व्हायच्या आधी दिलेले, त्यामुळे अर्ज जुन्या भादंवि ४२० (फसवणूक) खाली. दरम्यान एजंटानं गप्प बसवायला दिलेला दोन लाखांचा चेक परत आला. चेक परत आला की ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, ती मुदत चुकवू नका. चेक न वटल्याची आमची कलम १३८ ची केस त्या नोटिशीवरच उभी आहे. ठेकेदाराची चौकशी अजून चालूच आहे. त्या बेटावर फक्कीनं आखलेले प्लॉट बरेच होते. तुमच्याकडेही दोन्हीकडे जलाशय लिहिलेलं साठेखत असेल तर घरात ठेवू नका, तुमचा स्वतंत्र अर्ज द्या. तक्रारदार वाढले की दिवाणी म्हणून परत पाठवणं पोलिसांना जड जाईल.