एप्सन व्ही६०० स्कॅनर : गावाचे जुने फोटो स्कॅन करायला घेतला, सात महिन्यांनंतरचं मत

आधीच सांगते, मी फोटोग्राफर वगैरे नाही, त्यामुळे कलर प्रोफाइल-बिफाइलवर वाद घालायला येऊ नका. मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या आळीत तळमजल्यावरचं एकूण एक सामान गेलं, गाद्या, फ्रीज, कपाटं सगळं नंतर कसंबसं परत झालं पण ट्रंकेतले फोटो चिखलासकट उकिरड्यावर गेले ते गेलेच. २००५ च्या पुरात गेले ते वेगळेच. गावातलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, तिथली पुस्तकंही भिजली, पण पुस्तकाची दुसरी प्रत निदान कुठेतरी सापडू शकते, कुणाच्या आजोबांच्या मुंजीच्या फोटोची कुठून आणणार? म्हणून आम्ही पाचजणांनी ठरवलं की घरोघरी जाऊन उरलेले फोटो मागायचे, स्कॅन करायचे आणि मूळ फोटो घरच्यांना हवा असेल तर आठ दिवसांत परत नेऊन द्यायचा.

सुरुवात केली यूएसबीवर चालणाऱ्या एका पातळ स्कॅनरवर (कंपनीचं नाव राहू दे). बिलं, सातबारा यासाठी मस्त, पण फोटो जरा गोल वळलेला असला की कडा धूसर. मग कळलं की या पातळ मशिनांत सीआयएस नावाचा सेन्सर (चित्र टिपणारी पट्टी) असतो, तो काचेला अगदी लागून, वस्तू काचेपासून दोन मिलिमीटर वर गेली तरी फोकस जातो. व्ही६०० मध्ये सीसीडी हा दुसऱ्या प्रकारचा सेन्सर आहे, आत आरसे आणि लेन्स, त्यामुळे थोडी उंची चालते. ऐकायला फालतू गोष्ट वाटते पण आमच्यासाठी सगळा खेळ तिथेच होता.

कारण पुरातल्या बऱ्याच फ्रेमांत फोटो काचेला चिकटून बसलेत. चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या एका आजींकडे यजमानांचा असा एकच फोटो, पांढरी टोपी, कोट, बाजूला फुलदाणीचं स्टूल. अशीच चिकटलेली एक फ्रेम आम्ही आधी एका स्टुडिओत नेली होती (नाव नाही घेत), त्याने विचारलंसुद्धा नाही, सरळ ब्लेड घातलं आणि माणसाचा अर्धा गाल काचेवर राहिला. त्या घरी परत जाताना जी लाज वाटली ती माझी मला माहीत. म्हणून आजींचा फोटो हातात घेतानाच धडधडत होतं, त्यात त्या म्हणाल्या, "ने गो बाळे, पण परत आण हो, ह्यांचा एवढाच आहे."

तर फोटो काचेवरून सोडवायचाच नाही. लाकडी चौकट काढली, काच बाहेरून मऊ फडक्याने पुसली आणि काचेसकट स्कॅनरवर पालथी घातली. पहिल्या स्कॅनमध्ये तेल सांडल्यासारखी इंद्रधनुषी वर्तुळं आली, काचेवर काच टेकली की अशी येतात म्हणे. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे चार तुकडे कापून कोपऱ्यांखाली सरकवले, वर काळं कापड टाकलं, आणि चक्क टोपीची शिवण दिसली! पातळ स्कॅनरवर हाच फोटो धुक्यात उभा होता.

सेटिंगचं थोडक्यात. एप्सन स्कॅन या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोफेशनल मोड घ्या. साध्या प्रिंटला ६०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके टिपायचे ते) भरपूर, पासपोर्टएवढ्या फोटोला १२००. डब्यावर लिहिलेलं ६४०० डीपीआय प्रिंटसाठी विसरा, कागदात तेवढं नसतंच, नुसती हार्डडिस्क भरते. मूळ स्कॅन टिफमध्ये (तपशील न गाळणारी मोठी फाइल), ४ बाय ६ चा फोटो ६०० ला साधारण २५ एमबी होतो. जेपीजी फक्त व्हॉट्सॲपला. अनशार्प मास्क (कडा ठळक करणारं), कलर रिस्टोरेशन वगैरे सगळं बंद, पिवळा पडलाय तर पिवळाच येऊ दे, सुधारायचं ते कॉपीवर. निगेटिव्हसाठी झाकणात दिवा आहे, ३५ एमएमच्या बारा फ्रेम एकदम बसतात आणि १२० ची, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांतली रुंद, रोल फिल्मही होते. डिजिटल आइस म्हणून धूळ-ओरखडे काढणारी सोय आहे ती रंगीत निगेटिव्हवर छान, पण जुन्या ब्लॅक अँड व्हाइटवर लावू नका, त्यातल्या चांदीतून इन्फ्रारेड पार होत नाही आणि मग स्कॅनर चेहराच धूळ समजून पुसायला घेतो.

८० च्या दशकातल्या त्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर नखाने खरवडू नका, डेंटल फ्लॉसचा दोरा खाली घालून करवतीसारखा हळूहळू ओढायचा. तरी नाही निघाला तर अख्खं पान स्कॅन करा. भिजून एकमेकांना चिकटलेले गठ्ठे तर कोरडे ओढूच नका, थंड स्वच्छ पाण्यात ठेवून आपोआप सुटतात का बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आम्हाला शंभरेक फोटो झाल्यावर सुचलं आणि मग कपाळाला हात लावला: मागची बाजूपण स्कॅन करायची. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलने लिहिलेलं "चि. सौ. कां. ला", कुणीतरी मांडलेला वाण्याचा हिशोब, सगळं तिथे. त्या पहिल्या शंभरेक फोटोंसाठी आम्ही घरं परत फिरलो. काही ठिकाणी चहा मिळाला, काही ठिकाणी "परत आलात?" मिळालं. फोटोला नंबर, मागच्या बाजूला तोच नंबर आणि पुढे 'मागे', आणि देणारी व्यक्ती जे बोलेल ते मोबाइलवर रेकॉर्ड, असं आता चालतं. एका वरातीच्या फोटोवर घरचे १९४० म्हणत होते, १२०० वर मोठा केला तर कोपऱ्यात एसटीचं नाक निघालं. एसटी सुरू झाली १९४८ ला, म्हणजे वरात त्यानंतरची. काका अजून मान्य करत नाहीत.

नडतं ते असं. काच ए४ एवढीच, शाळेचे पुठ्ठ्यावरचे मोठे ग्रुप फोटो दोनदा स्कॅन करून जोडावे लागतात आणि नेमकं जोडावर कुणाचं तरी नाक येतं. वजन चार किलोच्या वर, घरोघरी न्यायचं मशीन नाही हे, जे फोटो घराबाहेर देत नाहीत त्यांच्याकडे आम्ही गुगलचं फोटोस्कॅन ॲप वापरतो, चार कोपऱ्यांवरचे ठिपके पकडून चमक घालवतं, काहीच नसण्यापेक्षा बरं.

आणि काचेच्या निगेटिव्ह. एका बंद पडलेल्या स्टुडिओवाल्यांच्या घरून बिस्किटांच्या डब्यात अकरा मिळाल्या, हाफ प्लेट म्हणजे साधारण पोस्टकार्डाहून मोठ्या, झाकणातला दिवा तेवढ्या रुंदीला पुरत नाही. त्यासाठी याहून महागडं मॉडेल लागतं आणि तेवढी वर्गणी जमलेली नाही. सध्या ट्रेसिंगच्या लाइट पॅडवर ठेवून मोबाइलने काढतोय. त्यातल्या एकीत गोवळकोटच्या धक्क्याला लागलेला पडाव (मालाची होडी) आहे आणि वर उभ्या माणसांचे चेहरे काही केल्या स्पष्ट होत नाहीत. चिपळूण-खेड-गुहागर भागात कुणाकडे मोठ्या निगेटिव्हचा स्कॅनर असेल तर खाली लिहा, मशीन उचलून नाही नेणार, आम्हीच डबा घेऊन येऊ.

५ पैकी ४.