वधस्तंभाजवळची माणसे: बेळगाव कॅम्पमधील उपवासकाळाच्या अभ्यासवर्गांविषयी

बेळगावच्या कॅम्प भागातील एका मराठी मंडळीने यंदाच्या उपवासकाळात (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत) दर गुरुवारी संध्याकाळी असे सहा अभ्यासवर्ग घेतले आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन या वेळेतील उपासनेने त्यांची सांगता केली. प्रभू येशूला खिळले गेले तेव्हा तेथे प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसांकडून विश्वासाविषयी काय शिकता येते, हा सर्व वर्गांचा एकच विषय होता. वर्ग सर्वांना खुले व विनाशुल्क होते. ४० रुपयांची छापील पुस्तिका तेवढी विकत घ्यावी लागली. पुढील वर्षीही हे वर्ग होणार असल्याचे जाहीर झाले असल्यामुळे त्यांचे गुणदोष थोड्या विस्ताराने लिहीत आहे.

उत्तम शुक्रवारचे संदेश आपल्याकडे बहुधा वधस्तंभावरील सात उद्गारांभोवती फिरतात आणि आजूबाजूची माणसे केवळ ओझरती येऊन जातात. या वर्गांचे मुख्य शिक्षक असलेल्या निवृत्त पाळकांनी वेगळी वाट धरली. ते मत्तय, मार्क, लूक आणि योहान या येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांतील उतारे एकापुढे एक वाचून घेत, मग तो माणूस कोठे उभा होता, त्याच्या नजरेला काय पडले आणि त्याने काय केले, एवढेच विचारीत, आणि या प्रश्नांची उत्तरे वचनातून सापडल्याखेरीज बोधाकडे वळत नसत. या शिस्तीमुळे वर्ग भावनेच्या भरात वाहून गेले नाहीत. माझ्या मते या वर्गांचे सारे यश त्या शिस्तीत आहे, आणि जेथे ती सुटली तेथेच ते उणे पडले.

सर्वांत सरस ठरला तो कुरेनेकर शिमोनाचा वर्ग. कुरेने हे आजच्या लिबियातील प्राचीन शहर. तेथला हा माणूस रानातून येत असता सैनिकांच्या तावडीत सापडला आणि येशूचा वधस्तंभ वाहण्यासाठी त्याला वेठीस धरण्यात आले, एवढेच मार्क सांगतो. पण तो आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप होता, हे नमूद करायला चुकत नाही. मुलांची नुसती नावे पुरेशी वाटली, त्या अर्थी मार्कच्या पहिल्या वाचकांना ती मुले ठाऊक असली पाहिजेत. आणि रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौलाने ज्या रूफाला व त्याच्या आईला सलाम पाठवला तो कदाचित हाच असेल, असे शिक्षकांनी सांगितले, मात्र त्यावर सिद्धान्त उभारला नाही.

त्या दिवशी वर्गाच्या मध्यभागी वखारीतून आणलेला एक न रंधलेला वासा ठेवला होता, कारण रोमी पद्धतीत दंडिताने बहुधा संपूर्ण क्रूस नव्हे, तर त्याचा आडवा वासाच वाहून न्यायचा असे. ज्यांना जमेल त्यांनी तो खांद्यावर घेऊन वेदीपर्यंत चालावे असे सुचवण्यात आले. वासा नीट पेलला नाही की मागचे टोक फरशीवर घासत जाई आणि त्याचा खरखर आवाज सभागृहभर होई. खानापूरहून येणारे आणि लाकडाच्या वखारीत हयात घालवलेले एक आजोबा तेव्हा म्हणाले, “पाळकसाहेब, चालता चालता बोजा बदलता येत नाही. दोघांनी थांबावं लागतं, आणि घेणाऱ्याला देणाऱ्याच्या अगदी जवळ जावं लागतं.” शुभवर्तमानात त्या क्षणाचे वर्णन नाही, पण मारहाणीने थकलेला येशू आणि त्याला न ओळखणारा शिमोन काही पळ समोरासमोर आले असतील, हे त्या बोलण्यामुळे प्रथमच डोळ्यांपुढे आले. पुढे शिमोन येशूच्या मागून चालला, हे लूक आवर्जून सांगतो. शिष्याने वधस्तंभ उचलून मागे यावे असे येशूने आधी सांगितले होते, आणि ते अक्षरशः केले ते ज्याला कोणी विचारलेही नव्हते अशा वाटसरूने, तेही जुलमाने. शिमोनाने पुढे विश्वास ठेवला की नाही, हा प्रश्न शिक्षकांनी उघडा ठेवला. हा संयम मला फार मोलाचा वाटला.

स्त्रियांवरचा वर्गही तितकाच भरीव झाला. मग्दालीया मरीया, धाकटा याकोब व योसे यांची आई मरीया आणि सलोमे यांची नावे मार्क देतो. योहान येशूच्या आईला व क्लोपाच्या मरीयेला वधस्तंभाजवळ उभे करतो आणि आईला प्रिय शिष्याच्या हवाली केल्याचा प्रसंग सांगतो. शिष्यांपैकी बहुतेक जण पळाले असता या स्त्रियांनी मरण पाहिले, प्रेत कोठे ठेवले ते पाहिले आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी कबर उघडी असल्याचेही त्यांनीच पाहिले. म्हणजे पुनरुत्थानाची बातमी ज्यांच्या तोंडून आली त्या थडगे चुकल्या असतील असे म्हणायला जागा उरत नाही, कारण शुक्रवारी संध्याकाळी त्या तेथे होत्या. काही करता येत नसतानाही शेवटपर्यंत तेथून न हलणे हीसुद्धा सेवाच आहे, हा बोध येथे निघाला. त्यावर अंथरुणाला खिळलेल्या नातलगांची वर्षानुवर्षे शुश्रूषा केलेल्या बायका मोकळेपणाने बोलल्या.

शताधिपती (शंभर रोमी सैनिकांवरचा अधिकारी) आणि दोन अपराधी यांना मिळून एकच वर्ग दिला होता. तो आटोपशीर पण सकस होता. मार्कच्या शुभवर्तमानात येशूला देवाचा पुत्र म्हणणारा पहिला मनुष्य हा परराष्ट्रीय सैनिक आहे, आणि त्याने ते चमत्कार पाहून नव्हे, तर येशूने प्राण कसा सोडला ते समोर उभे राहून पाहिल्यावर म्हटले. लूकमध्ये तोच येशूला नीतिमान म्हणतो. मत्तय आणि मार्क यांच्या मते बरोबर खिळलेल्या दोघांनीही निंदा केली, तर लूकमध्ये त्यांपैकी एक जण येशूकडे वळतो आणि ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे वचन ऐकतो. ही भिन्नता शिक्षकांनी लपवली नाही. तरुणांच्या शंका अशा प्रामाणिकपणामुळेच बोलून दाखवल्या जातात.

गर्दी आणि सैनिक यांच्यावरील वर्गाने मात्र निराशा केली. त्या दिवशी बाहेरून बोलावलेल्या वक्त्यांनी वचने वाचून घेण्याऐवजी भाषण केले आणि ‘यहूद्यांनी प्रभूला मारले’ असे पुन्हा पुन्हा म्हटले. क्रुसावर देणे ही रोमी शिक्षा होती, हुकूम रोमी सुभेदार पिलाताचा होता, खिळे ठोकणारे त्याचे सैनिक होते. आणि येशू स्वतः, त्याची आई, रडणाऱ्या स्त्रिया, अरिमथाईकर योसेफ हे सगळे यहूदीच होते. मरणाचा सोहळा पाहायला जमलेले लोक ऊर बडवीत परतले, असे लूक लिहितो. ते वचन तर वाचलेही गेले नाही. तो दोष साऱ्या यहूदी लोकांवर लादता येणार नाही, हे रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले आहे, आणि प्रोटेस्टंट व्यासपीठावरूनही तितक्याच स्पष्टपणे ते सांगितले गेले पाहिजे. जमावाचा धडा आपल्याला आपल्याविषयी काही सांगतो; तो दुसऱ्या समाजावर ढकलला की वर्गात बसण्याचा हेतूच उरत नाही.

शेवटच्या वर्गात येशूला कबरेत ठेवणाऱ्या योसेफ आणि निकदेम यांची कथा आली. खडेबाजारातून आणलेला हिराबोळ, म्हणजेच गंधरस, एका वाटीतून सर्वांच्या हाती फिरवण्यात आला. तांबूस, ओबडधोबड खडे आणि त्यांचा तो उग्र कडवट वास बाळंतिणीची खोली सांभाळलेल्या आज्यांनी तत्काळ ओळखला. गंधरस आणि अगरू यांचे जे मिश्रण निकदेमाने आणले ते आजच्या मापाने तीस किलोहून अधिक भरते. रात्री लपूनछपून येशूला भेटलेला माणूस दिवसाढवळ्या एवढे ओझे घेऊन येतो, यातून भित्र्या विश्वासालाही वाढायला अवकाश मिळतो हे कळले. वाटी हातात असताना ते सांगितले गेले, म्हणून मनावर ठसले.

भाषेच्या बाबतीत वर्गांनी दाखवलेली आस्था उल्लेखनीय आहे. लंडन मिशनने १८२० मध्ये बेळगावात काम सुरू केले, १८३१ साली जन्मलेले मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी याच गावचे, आणि तरीही आज येथील अनेक ख्रिस्ती घरांतील मुले शाळेत कन्नड किंवा इंग्रजी शिकतात व मराठी पवित्र शास्त्र अडखळत वाचतात. वाचनाची पाळी मुद्दाम त्यांनाच देण्यात आली आणि अडखळले तरी कोणी मध्येच सुधारले नाही. वधस्तंभावरचा लेख इब्री, रोमी (लॅटिन) आणि हेल्लेणी (ग्रीक) अशा तीन भाषांत होता, असे योहान सांगतो. पाट्यांच्या भाषेवरून मने दुखावली जाणाऱ्या आपल्या शहरात हे वचन एका मुलीने वाचले तेव्हा सभागृहात बसलेल्या कन्नडभाषक सुनांसाठी त्याचा सारांश कन्नडमध्येही सांगायला हवा होता. सहाही वर्गांत ती सोय नव्हती, आणि ही उणीव सहज भरून काढता येण्याजोगी आहे.

पुस्तिकेतील उताऱ्यांची निवड चांगली आहे, पण अक्षर इतके बारीक की वयस्करांना ती घरी वाचणे अवघड जाते. साडेसहाचा वर्ग साडेआठपर्यंत लांबत असल्यामुळे खानापूर आणि निपाणीकडून येणाऱ्यांची परतीच्या बससाठी धावपळ होते. अर्धा तास आधी सुरुवात केल्यास चर्चा मध्येच सोडून उठावे लागणार नाही. गर्दीच्या विषयाला पुढील वर्षी दोन संध्याकाळी द्याव्यात आणि त्या मुख्य शिक्षकांनीच घ्याव्यात, अशी विनंती मंडळीला केली आहे. नावनोंदणी राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, उपासनेनंतर होते. जाणाऱ्यांनी आपले मराठी पवित्र शास्त्र बरोबर न्यावे, कारण तेथील प्रती सर्वांना पुरत नाहीत.